हिशोब करूनही स्वेटर मापात का बसत नाही?

छातीचं माप घेतलं, टाके काढले, पाठ विणून झाली आणि अंगाला लावून बघितली तर दोन इंच जास्त. किंवा अंग बरोबर आलं, पण बाही मुंढ्यात (अंगाला बाही जोडतात त्या जागेत) बसेना. अशा वेळी गुणाकार सहसा चुकलेला नसतो. गुणायला घेतलेला आकडाच चुकीचा असतो, नाहीतर उत्तर आल्यावर ते विणीच्या, शिवणीच्या आणि गळ्याच्या सोयीने एक-दोन टाके इकडेतिकडे करायचं राहून गेलेलं असतं. म्हणून आधी तक्रार कुठली ते बघा आणि त्याच ठिकाणी चूक शोधा. सगळंच उसवायची गरज क्वचित पडते.

पुढच्या सगळ्या उदाहरणांत एकच स्वेटर धरला आहे. छाती ३६ इंच, लूज (सैल बसायला धरलेलं जादा माप) ४ इंच, म्हणजे तयार घेर ४० इंच. सुई ८ नंबर, वीण साधी (एक ओळ सुलट, एक ओळ उलट). ४ इंचात २२ टाके आणि ३० ओळी बसतात, म्हणजे इंचाला ५.५ टाके आणि ७.५ ओळी. पाठ २० इंच, तेव्हा २० × ५.५ = ११० टाके. शिवणीत दोन्ही बाजूंचा एकेक टाका आत जातो, तो धरून ११२.

सगळा घेरच मोठा किंवा लहान आला

इथे दहातल्या नऊ वेळा नमुना, म्हणजे टाके मोजायला आधी विणलेला लहान तुकडा, कारणीभूत असतो. वीस टाके घालून दोन इंच विणलं, टेप लावला, “अकरा बसले” म्हणून हिशोब सुरू केला, असं होतं. दोन इंचात अर्धा टाका नजरेतून सुटला तर इंचाला पाव टाक्याचा फरक पडतो. ५.५ समजून घातलेले ११० टाके प्रत्यक्षात इंचाला ५.२५ च बसत असतील तर पाठ २१ इंच येते आणि घेर ४२. इंचाला अर्धा टाका चुकला तर घेर थेट ४४. नमुन्यात अर्धा टाका क्षुल्लक वाटतो, अंगावर तो चार इंच होतो.

नमुन्यासाठी किमान ३६ टाके घाला आणि सहा इंच विणा. कडा गोळा होऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंचे तीन-तीन टाके आणि खालच्या-वरच्या चार ओळी दोन्हीकडून सुलट विणा. टाके बंद करून नमुना सुईवरून पूर्ण उतरवा. सुईवर असताना तो सुईच्या लांबीला ताणलेला असतो, तिथे मोजण्यात अर्थ नाही. मोजताना मधलेच ४ इंच घ्या आणि शिंप्याच्या कापडी टेपऐवजी स्टीलची पट्टी वापरा, कारण जुना टेप ताणलेला असतो. अर्धा टाका दिसला तर तो अर्धाच लिहा. “जवळपास बावीस” असं लिहू नका. टेपच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. १० सेंटिमीटरला ४ इंच समजलं तर ४० इंचात अर्ध्या इंचाहून थोडा जास्त फरक पडतो. तेवढा चालतो, पण दुसऱ्या चुकांत मिसळला की चालत नाही.

मोजण्याआधी नमुना धुवा, आणि स्वेटर जसा धुणार तसाच धुवा. खरी लोकर पाण्यातून निघाली की टाके सैल होऊन पसरतात. बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा धागा अॅक्रिलिक असतो. तो धुण्याने कमी बदलतो, पण वाळत टांगला की स्वतःच्या वजनाने लांबतो. म्हणून नमुना चिमट्यांनी रात्रभर टांगून दुसऱ्या दिवशी त्याच्या ओळी पुन्हा मोजा. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवली तर वीण कायमची चपटी होते आणि त्या नमुन्याचा काही उपयोग राहत नाही. पावसाळ्यात बेळगावजवळच्या खानापूर, जांबोटीकडे घरातल्या घरात लोकर वाळायला दोन दिवसही लागतात. वरून कोरडा वाटणारा नमुना आतून ओलसर असेल तर टाके मोठेच दिसतात. पूर्ण वाळू द्या, नाहीतर न धुता मोजा आणि धुतल्यावर किती फरक पडतो ते वहीत लिहून ठेवा.

नमुना नीट विणूनही माप चुकत असेल तर हात बघा. एकीने पाठ विणायची आणि दुसरीने पुढचा भाग, ही पद्धत घरोघरी आहे. दोघींचा हात सारखा कधीच नसतो. एकीचा सैल, एकीचा घट्ट. टाके तेवढेच असूनही एक भाग १९ इंच येतो, दुसरा २१. सासू-सुनेत वाटणी करायचीच असेल तर एकीने अंग विणावं आणि दुसरीने दोन्ही बाह्या, तेही प्रत्येकीने आपापला नमुना काढून. शिवाय नमुना स्टीलच्या सुईवर आणि अंग बांबूच्या सुईवर असं करू नका. नंबर तोच असला तरी धागा वेगळा सरकतो.

सुईचा नंबर हाही एक खड्डाच आहे. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात: ८ म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३, १२ म्हणजे २.७५. नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नंबर नेमके उलटे चालतात, तिथला ८ म्हणजे ५ मिमी आणि १० म्हणजे ६ मिमी. इंटरनेटवरच्या स्वेटरच्या कृतीत “८ नंबर” वाचून बाजारातली ८ नंबरची सुई आणली तर एक मिलिमीटरचा फरक आधीच खिशात पडतो. मिलिमीटर बघा, नंबर सोडून द्या.

त्यातच थंड देशांतल्या कृती जाड लोकरीच्या असतात. बेळगावचा गारठा पहाटे-रात्रीचा. डिसेंबरातही दुपारी बाही वर सारावी लागते, त्यामुळे इथे बारीक धागाच बरा. तेव्हा बाहेरची कृती जशीच्या तशी न घेता टाके बदलून घ्या: त्यांचे टाके × तुमचा आकडा ÷ त्यांचा आकडा. त्यांच्याकडे ४ इंचात १६ टाके आणि पाठीला ८० असतील, तर तुमचे ८० × २२ ÷ १६ = ११०. ओळींचा हिशोब मात्र वेगळा करावा लागतो. टाक्यांचं प्रमाण ओळींना लावलं की बाही गुडघ्याकडे निघालीच.

लूज किती धरायचा हे अंदाजाने ठरवू नका. ज्याचा स्वेटर आहे त्याचाच, अंगात बरोबर बसणारा जुना स्वेटर सपाट ठेवून काखेखाली मोजा आणि दुप्पट करा. शर्टावर घालायचा असेल तर ३-४ इंच पुरतात. साडीवर घालायच्या बटणांच्या स्वेटरला माप ब्लाउजवरून घेतलं तरी ५ इंच धरा आणि कंबरेच्या घेरात निऱ्यांसाठी वेगळं बघा. नाहीतर वरची बटणं लागतात, खालची दोन उघडी राहतात.

खालची बॉर्डर झालरीसारखी पसरते

बॉर्डरीला अंगाइतकेच टाके आणि तीच सुई वापरली की असं होतं. बॉर्डर दोन नंबर बारीक सुईने विणा, म्हणजे इथे १० नंबरने, आणि टाके साधारण दहा टक्के कमी ठेवा. ११२ चे सुमारे १०१ होतात. २ सुलट २ उलट बॉर्डरीला चारच्या पटीत दोन जास्त टाके लागतात, म्हणजे शिवणीच्या दोन्ही कडा सारख्या दिसतात. म्हणून १०२ घ्या. १ सुलट १ उलटला विषम आकडा घ्या, १०१ चालेल.

१०२ वरून ११२ वर जायला बॉर्डरीच्या शेवटच्या ओळीत १० टाके वाढवायचे. ते “दर दहा टाक्यांनंतर एक” असे सुरुवातीपासून घातले तर एका कडेला ताण येतो आणि दुसरीकडे फुगवटा. अंतर दोन्ही टोकांना वाटून द्या: ६ टाके विणून एक वाढवा, मग १० विणून एक असं नऊ वेळा, शेवटी ६ उरतात. ६ + ९० + ६ = १०२. कुठल्याही वाढीला हीच रीत लागू पडते. टोकांना अर्ध्याच्या आसपास अंतर, मध्ये पूर्ण.

नक्षी मध्येच तुटते

नक्षी दर ८ टाक्यांनी पुन्हा येत असेल आणि शेवटी एक टाका जादा लागत असेल तर ११० मध्ये ती पूर्ण बसत नाही. १३ वेळा घेतली तर १०५, १४ वेळा घेतली तर ११३. इथे ११३ घ्या, काठाचे दोन धरून ११५. पाठ अर्धा इंच मोठी होते, ती लूजमध्ये खपते. तेवढी वाढ नको असेल तर १०५ ठेवून दोन्ही बाजूंना उलट टाक्यांची पट्टी द्या. नक्षी काखेजवळ अर्धी कापली जाण्यापेक्षा हे दिसायला पुष्कळ बरं.

वेणीचं (टाके एकमेकांवरून ओलांडून विणलेल्या पट्ट्याचं) प्रकरण वेगळं. वेणी आत खेचते, त्यामुळे साध्या विणीच्या नमुन्यावरून तिचा हिशोब होत नाही. वेणीचा पट्टा वेगळा विणून मोजा. २४ टाक्यांचा पट्टा ३.५ इंच भरला असं धरा. ३.५ इंचात साध्या विणीचे सुमारे १९ टाके बसतात, म्हणजे ५ टाके कमी पडतात. पुढच्या भागाला ते जास्तीचे द्यायचे. ५ विषम असल्यामुळे ६ घ्या, पुढचा भाग ११८. हे ६ टाके बॉर्डर संपल्यावर पट्ट्याच्या आतच वाढवा, कडेला नको. वर गळ्यात ते परत काढावे लागतात हेही आत्ताच लिहून ठेवा: गळ्याला पाठीत ३६ टाके असतील तर पुढे ४२. नाहीतर खांदे पाठीशी जुळत नाहीत. ही तक्रार फार येते आणि लोक उगाच खांदा उसवत बसतात.

दोन रंगांची नक्षी असेल तर मागून जाणारा धागा ओढला जातो आणि वीण आवळते. तिचाही नमुना वेगळा.

एक खांदा मोठा, एक लहान

मुंढ्यानंतर पाठीला १५ इंच हवेत: ८२.५, काठासह ८४ धरू. ११२ मधून ८४ उरवायचे तर प्रत्येक बाजूला १४ घटवायचे. आधी ५ बंद करा, मग एकाआड एक ओळीला एक टाका, नऊ वेळा. ५ + ९ = १४. मुंढ्याची उंची ८.५ इंच, म्हणजे ६४ ओळी.

गळा ६.५ इंच: ३५.७५ टाके. इथे कुणी ३५ घेतं, कुणी ३६. ३५ घेतले तर उरतात ४९, आणि ते दोन खांद्यांत सारखे वाटले जात नाहीत. ३६ घेतले की उरतात ४८, प्रत्येक खांदा २४. मुंढ्यानंतर उरलेले एकूण टाके सम असतील तर गळ्याचेही सम, विषम असतील तर गळ्याचेही विषम. पुढच्या भागाच्या गोल गळ्याला मधले १४ बंद करा, प्रत्येक बाजूला ११ राहतात. ते एकाआड एक ओळीला ३, २, मग एकेक सहा वेळा असे काढा. त्याला १६ ओळी लागतात. गळा ३ इंच खोल हवा असेल तर २२ ओळी होतात, म्हणून शेवटच्या ६ ओळी काही न घटवता विणा.

शाळेच्या स्वेटरचा व्ही गळा जास्त चुकतो. प्रत्येक बाजूला १८ टाके घटवायचे आणि उंची ७ इंच, म्हणजे ५२ ओळी. ५२ ÷ १८ म्हणजे २.९, आणि घट सुलट ओळीलाच करायची असते. अंदाजाने घटवत गेलं की टाके संपतात आणि गळा अजून दोन इंच बाकी असतो, किंवा खांदा येतो आणि टाके उरतात. म्हणून १० वेळा दर दुसऱ्या ओळीला आणि ८ वेळा दर चौथ्या ओळीला घटवा. १० × २ + ८ × ४ = ५२. दुसऱ्या ओळीच्या घटी आधी, चौथीच्या नंतर.

व्ही गळ्याच्या पट्टीला मध्यभागी एक टाका लागतो, पण ८४ ला मधला टाका नसतो. दोन भाग वेगळे करताना मधला आडवा धागा उचलून त्याचा एक टाका करा आणि पिनेवर ठेवा. कडेने टाके उचलताना प्रत्येक ओळीला एक उचलला तर पट्टी लाटांसारखी होते. ५.५ ला ७.५ हे प्रमाण साधारण ३ ला ४ आहे, म्हणून चार ओळींमागे तीन टाके. ५२ ओळींचे ३९, दोन्ही बाजू ७८, पाठीचे ३६, मधला एक: ११५. गोल सुईवर १ सुलट १ उलटला सम आकडा लागतो, तेव्हा पाठीकडून एक जास्त उचलून ११६ करा. मधला टाका सुलट धरला की त्याच्या दोन्ही बाजूंना उलट टाके येतात आणि टोक सरळ बसतं.

बाहीची वाढ लवकर संपते किंवा पुरतच नाही

बॉर्डरीनंतर बाही ५२ टाक्यांनी सुरू होते आणि दंडाला १५ इंच म्हणजे ८४ टाके हवेत. वाढ ३२, दोन्ही कडांना एकेक म्हणजे १६ वेळा. बाहीची बॉर्डर सोडून काखेपर्यंत लांबी १४.५ इंच, १०८ ओळी. शेवटच्या १२ ओळी सरळ ठेवल्या तर वाढीला ९६ उरतात. ९६ ÷ १६ = ६, दर सहाव्या ओळीला वाढवा.

भागाकार असा सुटसुटीत नेहमी येत नाही. दंड जाड असेल आणि ८८ टाके हवे असतील तर १८ वेळा वाढवावं लागतं, ९६ ÷ १८ = ५.३. पाचव्या ओळीला वाढवायला लागलात तर एकदा सुलट ओळ, एकदा उलट, आणि तसं विणून बघितलंत की वैताग येतो. ओळी सम ठेवा: १२ वेळा दर सहाव्या, ६ वेळा दर चौथ्या. ७२ + २४ = ९६. चौथ्या ओळीच्या वाढी खाली मनगटाकडे घ्या. दंडाजवळ घेतल्या तर कोपराखाली बाही आवळते.

बाही मुंढ्यात बसत नाही

बाहीचा गोल (काखेच्या वरचा गोलसर भाग) मुंढ्याच्या उंचीइतकाच विणला की तो खांद्यावर उभा राहतो. गोलाची उंची मुंढ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. ८.५ इंचाला साधारण ५.५, म्हणजे ४० ओळींच्या आसपास. ८४ टाक्यांतून दोन्हीकडे ५-५ बंद करा, ७४ राहिले. वर बंद करायला २० ठेवायचे, तेव्हा प्रत्येक बाजूला २७ घटवायचे. १३ वेळा एकाआड एक ओळीला, ८ वेळा प्रत्येक ओळीला, मग पुढच्या चार ओळींच्या सुरुवातीला ३-३ बंद. १३ + ८ + ६ = २७, आणि सुरुवातीच्या दोन ओळी धरून एकूण ४० ओळी.

शिवण्याआधी टेप कडेकडेने फिरवा, सरळ उंची मोजू नका. वरच्या आकड्यांनी पाठीच्या मुंढ्याची कड सुमारे ९.७ इंच येते आणि बाहीच्या अर्ध्या गोलाची ९.९. बाहीचा गोल पाव ते अर्धा इंच जास्त असेल तर तो शिवणीत मुरतो. त्याहून जास्त असेल तर खांद्यावर चुण्या पडतात, तेव्हा एकाआड एक ओळीच्या घटी दोन-तीनने कमी करून प्रत्येक ओळीच्या घटी तेवढ्याच वाढवा. गोल लहान पडत असेल तर याच्या उलट.

बटणांच्या स्वेटरचा पुढचा भाग बटणांजवळ फुगतो

११२ चे निम्मे ५६ घेऊन वर पट्टी जोडली की पट्टीची पूर्ण रुंदी जास्तीची होते. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर येतात, म्हणून एकच पट्टी मोजायची आणि ती आधी वजा करायची. पट्टी १.२५ इंच असेल तर (२० − १.२५) ÷ २ = ९.३७ इंच, ५१.५ टाके. ५२ घ्या आणि बाजूच्या शिवणीचा एक धरा, ५३.

विणून झाल्यावर काय वाचवता येतं

घेर दीड इंच जास्त असेल तर बाजूच्या शिवणी दोन टाके आणखी आत घ्या. दोन शिवणी, प्रत्येकीत दोन्ही भागांचे दोन-दोन, एकूण ८ टाके म्हणजे जवळपास दीड इंच. त्याहून जास्त आत घेतलं तर काखेत गाठ टोचते. घेर कमी पडत असेल तर काखेपासून खालपर्यंत दोन इंचांची पट्टी विणून दोन्ही बाजूंना जोडा. नक्षीतला एखादा रंग त्या पट्टीत घेतला तर ती मुद्दाम केलेली वाटते.

लांबी चुकली तर पूर्ण उसवू नका. बॉर्डरीच्या वरच्या ओळीतला एक टाका कापा, ती ओळ धागा ओढत सोडवा, वरचे मोकळे टाके बारीक सुईवर घ्या. मग जास्तीच्या ओळी कमी करा किंवा नव्या घाला, आणि बॉर्डर वरून खाली विणून सैल हाताने बंद करा. साध्या विणीत हा जोड दिसत नाही. वेणीत आणि नक्षीत मात्र अर्ध्या टाक्याने सरकलेला दिसतो, तिथे करू नका.

उसवावंच लागलं तर उसवलेली लोकर लगेच विणायला घेऊ नका. ती कुरळी झालेली असते आणि तिच्यावर काढलेला नमुना खोटा येतो. लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि पिळल्याशिवाय सावलीत टांगा. अॅक्रिलिकचे कुरळे पूर्ण जात नाहीत. अशा धाग्याचा नमुना पुन्हा काढा, जुना आकडा वापरू नका.